फोर बाय फोर लागत नाहीये? ट्रान्सफर केस खोलायच्या आधी पुढचं एक चाक उचलून बघा

जुलै महिना, आवणीचे दिवस, आणि मी वेल्ह्याकडं मित्राच्या शेतावर युरियाच्या सहा गोण्या मागे टाकून चाललो होतो. डांबरी संपली, लाल मातीची वाट लागली, लिव्हर ४एचला (चारही चाकं ओढतात ती नेहमीच्या वेगाची जागा) टाकला, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, म्हटलं आता काळजी नाही. पुढच्या चढाला गाडी थांबली आणि मागची चाकं जागच्या जागी रुतायला लागली. मित्र बाहेर पावसात उभा होता तो ओरडला, "अरे पुढची चाकं फिरतच नाहीयेत!" आणि दिवा मात्र तसाच लागलेला.

त्यानंतर एका गॅरेजवाल्यानं न बघताच सांगितलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) खाली घ्यावी लागेल, तीस-पस्तीस हजार धरून चाला. मी गाडी तशीच परत आणली आणि नसरापूरच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवलं, वाकून खाली बघितलं आणि दहा मिनिटांत सांगितलं की ट्रान्सफर केस ठणठणीत आहे, हब (पुढचं चाक शाफ्टला जोडणारा भाग) लागत नाहीये. हबला व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, देणारा आणि बॅटरीच्या मागून जाणारा करंगळीपेक्षा बारीक रबरी पाईप उंदरानं कुरतडला होता. तेवढ्या तुकड्याचे पैसे सुद्धा त्यांनी घेतले नाहीत.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, इंजिनपासून चाकापर्यंत फिरणं नक्की कुठे तुटतंय ते आधी शोधा, आणि ते चाकाकडून सुरू करून आत जा. आतून बाहेर गेलात तर खर्च आधी होतो आणि दोष नंतर सापडतो.

दिव्यावर विश्वास किती ठेवायचा

बऱ्याच लिव्हरवाल्या गाड्यांमध्ये तो ४डब्ल्यूडीचा (फोर व्हील ड्राइव्हचा) दिवा ट्रान्सफर केसवरच्या एका साध्या स्विचवर चालतो. म्हणजे आतला फोर्क (गियर सरकवणारा काटा) सरकला एवढंच तो सांगतो. पुढचे हब लागले का, एक्सल जोडला गेला का, शाफ्ट तुटलाय का, यातलं काहीच त्याला कळत नाही. उलटं पण होतं, फोर बाय फोर व्यवस्थित लागलेलं असतं पण स्विचच्या वायरीत पाणी गेलं म्हणून दिवा लागत नाही आणि माणूस घाबरून परत फिरतो. बटणवाल्या नव्या गाड्यांमध्ये दिवा थोडा जास्त खरं बोलतो, तिथं सहसा लुकलुकणारा दिवा म्हणजे सिस्टीम प्रयत्न करतेय पण काम पूर्ण झालेलं नाही, आणि स्थिर दिवा म्हणजे झालं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल एकदा वाचून हे नक्की करून घ्या, कारण काही गाड्यांत लुकलुकण्याचा अर्थ वेगळा असतो.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे

हा लेख पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हबद्दल आहे, म्हणजे एरवी मागची दोनच चाकं ओढतात आणि गरज पडली की आपण पुढची जोडतो. जिप्सी, थार, जिम्नी, व्ही-क्रॉस, २०१६ नंतरची फॉर्च्युनर फोर बाय फोर ही सगळी याच घरातली. ज्या एसयूव्हीत एरवी पुढची चाकं ओढतात आणि मागची आपोआप जोडली जातात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना खालची टेस्ट लागू होत नाही.

पार्ट-टाइममध्ये दोन जागा जोडाव्या लागतात. एक ट्रान्सफर केसच्या आत, जिथून पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या एक्सलकडं ताकद नेणारा लांब दांडा) निघतो. दुसरी पुढच्या चाकांजवळ किंवा एक्सलवर. पहिली जागा लिव्हरनं चालते नाहीतर नॉब फिरवून मोटरनं. दुसरीचे प्रकार जास्त आहेत. १९८५ पासून आपल्याकडं असलेल्या जिप्सीच्या बऱ्याच गाड्यांना हातानं फिरवायचे हब आहेत, खाली उतरून फ्री वरून लॉकवर न्यायचे. २०२३ ला भारतात आलेल्या जिम्नीत लिव्हर आहे पण हब व्हॅक्यूमनं लागतात. २०२० च्या थारच्या काही मॉडेलना पुढच्या एक्सलवर इलेक्ट्रिक डिस्कनेक्ट आहे, तिथं एक्सलचा एकच बाजूचा शाफ्ट मधून तोडला-जोडला जातो. काही गाड्यांत दुसरी जागा नसतेच, पुढचे शाफ्ट कायम चाकाला जोडलेले असतात. आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अंधारात चाचपडल्यासारखं होईल.

लावायची पद्धत एकदा तपासा

हे मुद्दाम सांगतोय कारण निम्म्या वेळा गाडीत दोष नसतोच. २एच (फक्त मागची दोन चाकं) वरून ४एच घेताना स्टिअरिंग सरळ हवं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला हवा आणि मागची चाकं घसरत नसावीत. चाक चिखलात गरगर फिरत असताना लिव्हर ओढला तर मागचा शाफ्ट पळतोय आणि पुढचा उभा आहे, दात जुळणार कसे, नुसता खर्रर्र आवाज येणार. चिखल दिसला की त्याच्या आधी लावा, रुतल्यावर नाही.

४एल (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) साठी बहुतेक गाड्यांत पूर्ण थांबायचं, क्लच पूर्ण दाबायचा, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल आणि ब्रेकवर पाय. लिव्हर अडला तर जोर लावू नका. गियर टाकून गाडी वीतभर पुढे किंवा मागे घ्या, दात सरकतात, मग परत प्रयत्न करा. नॉबवाल्या गाडीत क्लच स्विच, ब्रेक स्विच किंवा न्यूट्रलचा सेन्सर खराब असला तर तुम्ही सगळं बरोबर करूनही कंट्रोल युनिटला ते कळत नाही आणि ते ४एल देतच नाही. साधी खूण म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक लाईट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा.

टायर पण बघा. पुढे नवे दोन आणि मागे झिजलेले दोन असतील तर एका फेरीत दोन्हीकडचं अंतर वेगळं पडतं, त्यामुळं आत ताण साठतो आणि लिव्हर लागत नाही किंवा लागला तर निघत नाही. डांबरीवर ४एच चालवल्यावर पण हेच होतं. अशा वेळी स्टिअरिंग सरळ ठेवून पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर लोण्यासारखा निघतो.

चाक उचलायची टेस्ट

सपाट, टणक जागा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. आधी मातीवर ४एच लावून गाडी सरळ दहा-एक मीटर चालवा म्हणजे हबचे दात जुळायला संधी मिळते. मग गाडी थांबवून इंजिन बंद, गिअरबॉक्स न्यूट्रलला, ट्रान्सफर लिव्हर ४एचलाच. इलेक्ट्रिक डिस्कनेक्ट असेल तर इग्निशन चालू ठेवा. पुढचं एक चाक जॅकनं जमिनीवरून दोन बोटं उचला आणि खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली डोकं घालू नका. आणि या स्थितीत इंजिन अजिबात चालू करायचं नाही, फोर बाय फोर खरंच लागलेलं असेल तर चाकं ओढतील आणि गाडी घोडीवरून उडी मारेल.

आता ते चाक दोन्ही हातांनी फिरवा.

चाक थोडंसं, इंच-दीड इंच हललं आणि अडकलं तर त्या बाजूचं सगळं जोडलेलं आहे. पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टला बांधला गेलाय आणि मागची चाकं जमिनीवर आहेत, म्हणून ते फिरत नाही. चाक खाली घ्या आणि दुसऱ्या बाजूचं उचलून तेच करा. एका बाजूनं समाधान मानू नका. पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गियरचा संच) साधं असतं, एका बाजूचा हब सुटा राहिला तर सगळी ताकद त्या मोकळ्या शाफ्टला गरगर फिरवण्यात जाते आणि दुसऱ्या चाकाला काहीच मिळत नाही. म्हणजे एक हब बिघडला की दोन्ही चाकं गेली.

चाक मोकळं फिरत असेल तर मदतनीसाला फिरवत ठेवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन बाजूनं खाली बघा. तीन शक्यता आहेत.

चाक फिरतंय पण आतला शाफ्ट उभा आहे, तर दोष हबमध्ये.

चाक आणि शाफ्ट दोन्ही फिरतायत पण पुढचा प्रोपेलर शाफ्ट उभा आहे, तर दुसऱ्या बाजूचा हब सुटा आहे, एक्सलवरचं डिस्कनेक्ट लागत नाहीये, किंवा डिफरन्शियलमध्ये किंवा दुसऱ्या बाजूच्या शाफ्टमध्ये काहीतरी तुटलंय.

चाक, शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट तिन्ही फिरतायत, तर पुढचं सगळं ठीक आहे आणि ट्रान्सफर केस किंवा तिची लिंकेज (लिव्हरला जोडणारे दांडे) हेच कारण. लिव्हर ४एचला असताना प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरायलाच नको.

काही व्हॅक्यूम हबना इंजिन चालू असेपर्यंतच व्हॅक्यूम मिळतो आणि बंद केल्यावर थोड्या वेळात ते सुटतात. अशा गाडीत हबला हँड व्हॅक्यूम पंप लावून हीच टेस्ट करायची.

हातानं फिरवायचे हब

डायल पूर्ण लॉकवर गेलाय का, खुणेला खूण जुळली का. अर्धवट फिरलेला डायल हे सगळ्यात नेहमीचं कारण. पक्कड लावून फिरवायचं नाही, आतली प्लेट किंवा स्प्रिंग जाते. अडत असेल तर चाक थोडं पुढेमागे करून परत हातानं.

तरीही लागत नसेल तर बाहेरचे बोल्ट काढून हब खोला. आत बहुतेक वेळा सुकून काळं, मेणासारखं झालेलं ग्रीस आणि बारीक माती सापडते. सगळे भाग काढायच्या क्रमानं फडक्यावर मांडा, मोबाईलवर फोटो काढा, डिझेलनं धुवा, पूर्ण सुकू द्या आणि मग पातळ हात फिरवल्याइतकंच ग्रीस लावा. इथं बरेच जण चुकतात, बेअरिंगसारखं ठासून ग्रीस भरतात आणि मग सरकणारी रिंग त्यात चिकटून बसते. रिंगचे दात गोल झाले असतील तर साफसफाईचा उपयोग नाही, हब बदलायचा, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचे. बसवताना गॅस्केट नवीन टाका, नाहीतर पहिल्याच ओढ्यात पाणी आत जाईल.

व्हॅक्यूम हब

यावर जरा थांबतो कारण दोष सापडायला सगळ्यात सोपा आणि पैसे घालवायला सगळ्यात सोपा भाग हाच. पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून येतो, डिझेलमध्ये वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. तिथून पाईप निघून सोलेनॉइड व्हॉल्व्हकडं (विजेवर चालणाऱ्या झडपेकडं) जातात आणि व्हॉल्व्हकडून दोन्ही हबकडं. मध्ये कुठेही गळती झाली की हबची रिंग ओढली जात नाही.

पहिल्यांदा कान लावा. इंजिन आयडलला, कुणाला तरी ४एच लावायला सांगा आणि पाईपच्या मार्गावर कान फिरवा. माझ्या गाडीत मिस्त्रींनी मला बॅटरीच्या मागे वाकायला सांगितलं तेव्हा बारीक सूंऽऽ असा आवाज येत होता, बोट ओलं करून तिथं ठेवलं की आवाज बंद आणि बोटाचं कातडं आत ओढलं जायचं. बोट काढून बघितलं तर पाईपवर तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन दातांच्या खुणा. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पाईप आधी बघा. उंदीर नसतील तर पाईपची टोकं बघा, जिथं ते धातूच्या नळीवर चढवलेले असतात तिथं रबर कडक होऊन चिरा पडतात. आणि स्टिअरिंगबरोबर वाकणारा चाकाजवळचा तुकडा तर नक्की बघा.

मग मोजा. हँड व्हॅक्यूम पंप ऑनलाइन मिळतो, फार महाग नसतो आणि आयुष्यभर पुरतो. आधी गेज मुख्य पाईपला लावा. धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच पारा एवढा व्हॅक्यूम देतं, डिझेलचा चांगला पंप त्याच्याही वर जातो. पण हा आकडा समुद्रसपाटीचा आहे, दर हजार फुटांना जवळपास एक इंच कमी होतो, म्हणजे महाबळेश्वरला मोजलंत तर चार-साडेचार इंच कमी दिसेल आणि तो दोष नाही. मग सोलेनॉइडनंतरचा हबकडं जाणारा पाईप काढून पंप तिथं लावा, १५ इंचापर्यंत ओढा आणि एक मिनिट काट्याकडं बघत बसा. काटा हलला नाही तर हबपर्यंत सगळं ठीक. हळूहळू पडला तर पाईप किंवा हबच्या आतला सील गळतोय, हबच्या तोंडाशी पंप लावून परत मोजलं की दोघांतला कोण ते कळतं. पंप लावल्यावर हब लागतोय पण गाडीवर लागत नाही, तर सोलेनॉइड. ४एच लावताना त्याच्यावर बोट ठेवा, टक् असं जाणवायला हवं. जाणवत नसेल तर त्याच्या कनेक्टरला करंट येतो का बघा.

पाईप बदलताना साधा हवेचा किंवा पाण्याचा पाईप टाकू नका, तो आतल्या ओढीनं चपटा होतो. व्हॅक्यूमचाच जाड भिंतीचा पाईप मागा.

लिव्हर आणि लिंकेज

लिव्हर काही विरोध न करता ढिला हलत असेल तर लिंकेज निसटलंय, बुश झिजलाय किंवा पिन पडलीय. गाडीखाली जाऊन लिव्हर हलवताना ट्रान्सफर केसवरचा दांडा हलतो का बघा, इंजिन बंदच. उलट लिव्हर दगडासारखा घट्ट असेल तर बहुधा महिनोन् महिने वापरलेला नसतो, फाटलेल्या रबरी बूटमधून पाणी जाऊन गंज धरलेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू हलवा. मी दर महिन्याला एकदा मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर ४एच आणि ४एल दोन्ही लावतो, पावसाळा नसला तरी.

नॉबवाली, इलेक्ट्रिक गाडी

पहिलं काम बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण बॅटरी कमी असली की शिफ्ट मोटर अर्ध्यात थांबते आणि दिवा लुकलुकत राहतो. मग फ्यूज, तो नुसता बघू नका, मीटर लावा.

मग ऐका. इग्निशन चालू, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेकवर, एकानं नॉब फिरवायचा आणि दुसऱ्यानं गाडीच्या बाजूला बसून ट्रान्सफर केसकडं कान द्यायचा. एक-दोन सेकंद घर्रर्र आणि मग टक् असा आवाज हवा. काहीच आवाज नाही तर करंट, अर्थिंग, स्विच किंवा मोटर. आवाज येतो पण लागत नाही तर मोटरच्या आतले गियर घासलेत किंवा फोर्क अडलाय. मोटरचा कनेक्टर काढून आत बघा, आपल्याकडच्या पावसात पिना हिरव्या पडलेल्या दिसतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ब्रशनं साफ करा आणि अर्थिंगची वायर बॉडीला जिथं बसते तिथला गंज घासून काढा. नवी मोटर मागवायच्या आधी एवढं केलंच पाहिजे, मोटर महाग येते आणि कनेक्टर खराब असेल तर नवी मोटर पण चालणार नाही. बिघाडाचा कोड वाचायचा असेल तर लक्षात ठेवा, स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतो, फोर बाय फोरच्या युनिटचे कोड वाचायला त्या कंपनीला सपोर्ट करणारा स्कॅनर लागतो.

आता ट्रान्सफर केस

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. ऑइल काढायच्या आधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते बघा, मगच खालचा ड्रेन बोल्ट खोला, कारण ऑइल काढून बसलात आणि वरचा बोल्ट निघालाच नाही तर गाडी जागेवरच अडकते. ऑइल दुधाळ असेल तर बहुधा ब्रीदर पाईपमधून (केसच्या आतली हवा जायच्या नळीतून) पाणी शिरलंय. बारीक चंदेरी चुरा थोडा चालतो, पण बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर फोर्क, स्लीव्ह किंवा गियर गेलाय आणि केस खोलावीच लागेल. चढावर जोर लागला की खटखट करून उडी मारल्यासारखं होत असेल तर चेन ढिली झालीय. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा, काहींना ७५डब्ल्यू-९० गियर ऑइल लागतं आणि काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), अंदाजानं भरू नका.

एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे म्हणून वेगळी सांगतो. ४एच आणि ४एलच्या मध्ये ट्रान्सफर केस न्यूट्रलला अडकली तर गाडी पहिल्या गियरमध्ये किंवा पी मध्ये असली तरी चाकं मोकळी असतात. उतारावर फक्त हँडब्रेक तिला धरून असतो. चाकांना दगड लावल्याशिवाय कुणीही गाडीच्या पुढे, मागे किंवा खाली जायचं नाही.

वाटेतच लागलं नाही तर टायरची हवा कमी करून आलेल्या वाटेनं परत फिरा आणि डांबरी लागली की हवा भरून घ्या. चढ नेट धरून कसाबसा चढाल, पण ४एल नसताना ओल्या तीव्र उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवणं वेगळं, तिथं दुसऱ्या गाडीची वाट बघा.

दुरुस्ती झाली की दोन्ही चाकांची तीच उचलायची टेस्ट परत करा, मग मुरमाच्या मोकळ्या जागेत ४एच लावून स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा. गाडी जड होऊन अडखळल्यासारखी चालली तर पुढची चाकं ओढतायत. २एचला आणून परत तसंच फिरा, फरक हाताला लगेच कळतो. माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आता हातभर व्हॅक्यूम पाईप आणि चार क्लिपा कायम असतात.